कॅसलरॉकपर्यंत दोन

कल्लाप्पामामा उचगावकर, निवृत्त सुभेदार,
जुन्या डायरीत रविवार आखतोय:
पहिलं गेट, रिक्षा, पहाटे पाच.
देसूर, इदलहोंड, खानापूर.
गुंजीत चहा मिळतो का? विचारणे.
लोंढ्याला झोपायचं नाही.
परतीची गाडी चुकवू नका, मामी सांगते,
एकदा मराठीत, एकदा रागानं कन्नडात.

माळ्यावरून स्कीज खाली आल्यात,
गुलमर्गात वापरलेल्या.
कडांना गंज, एक पट्टा उंदरांनी नेलेला,
त्या जागी म्हशीचं दावं.

"मामा, बर्फ कुठं हाय तिथं?"
"ओलं गवत हाय की. उतार हाय.
गुडघ्यांना आठवतंय काय, एवढंच बघायचं.
नाहीतर बसून भाकरी खाऊया."

शुक्रवारी स्टेशनावर चौकशीला निघालो
तर तोही आला, स्कीज खांद्यावर,
परेडला निघाल्यासारखा.
खिडकीतल्या बाबूनं चष्मा वर केला:
"एन् री इदु?"
"चप्पल री," मामा म्हणाला. "जरा लांब हाय."
बाबूनं त्याच्या पायांकडं बघितलं,
मग माझ्याकडं.
चपलेला तिकीट लागत नाही म्हणाला.

गुंजीच्या चहाचं
विचारायचं राहिलंच.