शनिवारी घाणा बंद

रेवदंड्यात, सोडा कारखान्याच्या माडीवर
आम्ही तिघं एक बंदर बांधतोय.
चौल, सन चौदाशे ऐंशी.
माड एकच, तोच सहाशे वेळा फिरवून लावलाय;
वारा आला की सगळे एकदमच वाकतात.
ते नंतर बघू.

चेहरे माझ्याकडे.
फोन घेऊन आठ दिवस हिंडले:
वजनकाट्यामागची हिराबाई नाखवा,
एसटीतून निवृत्त झालेले सॉलोमन नवगावकर,
आणि मुरूडच्या बर्फाच्या कारखान्यातला याकूब सिद्दी,
लादीला पाठ टेकून उभा, मानेभोवती थंड वाफ.
त्याला विचारलं, जहाजातून घोडे उतरवशील?
म्हणाला, लाद्या उतरवतो तसेच ना?
घसरू द्यायचे नाहीत.

पहिला भाग बाहेर पडला, आणि तक्रारी आल्या.
हबशी कशाला घुसवलाय? हल्लीची फॅशन इतिहासात नको.
अरब किती ते! बंदर कुणाचं, आपलं की त्यांचं?
शनिवारी तेलाचा घाणा फिरत नाही, बग आहे, दुरुस्त करा.
त्या शेवटच्याला उत्तर टाइप केलं, पुसलं,
खाली जाऊन जिरा सोडा प्यायले.

हिराबाईच्या अंगणात मात्र
लाल मिरच्या वाळत होत्या, चटईभर.
मागे काजूची रांग. टोपात तांबडंलाल कालवण.
हे सगळं समुद्रापलीकडून यायला
अजून निदान वीस वर्षं होती.
त्यावर कुणाचं अवाक्षर नाही.
खरं तर माझ्याही ध्यानात आलं नव्हतं.
मिरच्या मीच रंगवल्या होत्या, तीन रात्री जागून,
देठाशी जराशा काळपट.

पुण्याहून पराडकर सरांचा फोन:
वाद नको. एक बटण दे.
ऐतिहासिक अचूकता, चालू किंवा बंद.
ज्याला जे रुचेल ते.

दिलं बटण. मन लावून दिलं.
चालू केलं की मिरच्या जातात,
काजू जातात, पेरू, पपई, अननस जातात,
कालवण फिकं पडतं: मिरी, तिरफळ, चार आमसुलं.
आणि धक्क्यावर पाय ठेवायला जागा उरत नाही.
होर्मुझचे दलाल, खंबायतचे वाणी,
आणखी अकरा हबशी,
त्यातला एक तर गलबतावरच्या पहाऱ्याचा नायक.
अकरा कुठून आणले? माहीत नाही.
चार असतील, चाळीस असतील,
हजेरीपट कुणी ठेवला होता?
घाणा शनिवारी बंदच.

हिराबाईला दाखवलं तर म्हणाली,
ह्ये कालवण हाय का आजाऱ्याची पेज?
गर्दीकडे तिनं पाहिलंही नाही.
बंदरात गर्दी नसंल तर मासळी घ्यायची कुनी?

सर म्हणाले, बटण उलटं लागलंय.
म्हटलं, तपासते.

काल याकूबचा आवाज घ्यायला मुरूडला गेले.
यंत्र दहा मिनिटं बंद ठेवलं त्यांनी.
त्या काळी तो काय बोलला असता,
आईकडची किती, बोटीवर उचललेली किती,
मी काहीच लिहून नेलं नव्हतं.
तो म्हणाला, घोडं घाबरलेलं असंल ना? मग सोप्पं हाय.
डोळे मिटून ओठांनी चुचकारलं,
मग हळूच: ये बाला, ये.
वहीत नोंद केली: भाषा अचूक नाही. ठेवणे.

आता दोन वाजलेत.
घोडा फळीवर अडलाय,
पुढचा एक खूर लाकडात रुतलेला,
चूक कुठे आहे सापडत नाही.
सहाशे माड एकदम वाकतात, एकदम उभे राहतात.
याकूब तळहात पुढे करून उभा,
दर सात सेकंदांनी
ये बाला, ये.