अ समरी

आधी हद्दच ठरेना.
डोकं केळीच्या बागेत, पाय बांधापलीकडे,
दोन ठाण्यांचे फौजदार टेप धरून उभे
आणि मधोमध उखा भिला, पालथा.

पहाटे तीनला लाईट आली होती.
ऑटोवरची मोटर आपसूक सुरू झाली,
पाटाचं पाणी सगळ्या पावलांवरून गेलं.
वेळापत्रकाला आरोपी करता येत नाही.
कुत्रं जळगावहून दुपारी पोचलं,
वास घेत घेत चहाच्या टपरीशी जाऊन बसलं.

केसरबाई म्हणाली,
"माले दखायनं. पन माले दोन पोरी शेतस."
मी जबाबात लिहिलं : काही दिसले नाही.

मुद्देमालात डाव्या पायाची चप्पल,
तिच्या चिठ्ठीवरची शाई उडालेली.
व्हिसेराचा रिपोर्ट आला
तोवर तिसरा साहेब बदलून गेला होता.
शेवटी कोर्टात कागद गेला :
गुन्हा खरा, आरोपी मिळून येत नाही.
अक्षर माझंच. वळणदार.

आता रिटायर आहे.
यावलच्या बाजारात केसरबाई भरताची वांगी तोलते,
मापात एखादं जास्तीचं टाकते,
वर बघत नाही.
मीही विचारत नाही, कोण होता.

नाव तिनं तेव्हाच सांगितलं होतं,
मी पेनाचं टोपण काढायच्या आधी.