नाकातलं बिऱ्हाड

केमोचं नाव ठेवलं आठव्या दिवशी,
बास्सेच्या पलीकडच्या वाडीत, डोकं भादरून.
तोवर त्याच्या नाकात
कुणी बिऱ्हाड थाटलंही होतं.
यांकुबाने मोटरसायकलवरून आणलेल्या थंड डब्यातल्या
कापसाच्या काडीवर मला ते सापडलं.

मी मूल पाहिलेलं नाही. मी थाळ्या पाहते.
मेंढीच्या रक्ताच्या लाल थाळीवर
रात्रीतून उमटलेली हिरवट कडी,
बाजरीच्या दाण्याहून लहान.

चौथ्या महिन्यात आईचं उसनं संपत आलं.
मुस्कुताने पोटात असताना दिलेलं ते,
खेपेगणिक निम्मं होत गेलेलं.
(अंगावरच्या दुधातून देते ते वेगळं;
ते या नळीत दिसत नाही.)
आणि त्याच आलेखाच्या तळाशी
काहीतरी वर येऊ लागलं होतं,
बारीक, हट्टी,
त्याचं स्वतःचं.
शिकवलं कुणी?
त्याच बिनभाड्याच्या भाडेकरूंनी.

ते गेले, दुसरे आले.
तेही गेले. एक जोडी राहिली पावसाळाभर.
ताप नाही, कान फुटला नाही.
यांकुबाच्या अक्षरात दर महिन्याला एकच शब्द:
बरा.
इतकी माणसं आत येऊन गेली
आणि घरात आवाज नाही.

शेवटच्या नोंदीत मात्र दोन ओळी जास्त:
'काडी मुठीत धरली, सोडेना.
मग माझ्या तोंडावर शिंकला.'

जनरेटर बंद पडायच्या आत
मी थाळी उजेडाकडे धरली,
रकान्यात लिहिलं,
वाढ: आहे.
आणि नियमात बसत नाही तरी पुढे,
भरपूर.