री

पहिल्याच आठवड्यात भरमाणीनं दुकानातून विचारलं,
"कुठं निघालासा बाई?"
मी थांबले, सांगितलं:
आधी पोस्टात, मग गॅसच्या ऑफिसात,
तिथून बाराच्या आत लॅबवर, उशीर झालाय.
तो गुळाची ढेप फोडत होता.
हात थांबवून सगळं ऐकून घेतलं बिचाऱ्यानं.
मग म्हणाला, "बरं."

जालन्याहून बदलून वडगावात आलेली मी,
रक्त तपासणारी.
कुणी विचारलं की आकडा द्यायचा, एवढंच येतं.
जेवण झालं काय? नाही, कणीक मळून ठेवलीय.
उकाडा हाय काय तुमच्यात? बेचाळीस.
समोरचा गप्प व्हायचा,
वीज गेल्यावर मागांची गल्ली होते तसा.

निघताना मावसभावानं बजावलं होतं,
तिकडं जपून, बोर्डावरच्या अक्षरांवरून वाद होतात.
मी कुठल्या बाजूची, याचं उत्तर
गाडीत बसून पाठ केलं.
आठ महिने झाले, कुणी विचारलं नाही.
विचारलं ते: दही कुठनं आणता?
आणि तुमच्यात शेंगांच्या पोळ्या करतात काय?

वरच्या मजल्यावरच्या चन्नव्वा कन्नडच बोलणार.
सकाळी नळाला, दुपारी जिन्यात,
रात्री कचऱ्याच्या बादलीपाशी
एकच: "ऊटा आत्री?"
वहीत लिहून घेतलं.
ऊटा, जेवण.
आत, झालं.
री.
री म्हणजे जी, अहो, आणि शिवाय
पायरीवरची धूळ हातानं झटकून
बसा म्हणणं.
आमच्याकडं दुसऱ्याची री ओढणारा हलका समजतात.
इथं ओढल्याशिवाय दार उघडत नाही.

शेवटी भरमाणीनंच शिकवणी घेतली, फुकट.
"कुठं निघालासा म्हटलं की हितंच म्हणायचं."
हितंच म्हणजे कुठं?
"हितंच म्हणजे हितंच.
मग तुम्ही विचारायचं, धंदा कसा हाय.
मी म्हणणार, चाललंय."
नसला चालला तरी?
तो हसला. "नसला तर
चहा सांगतो की. तवा कळतंय."

मग मी सुटलेच.
हितंच. चाललंय. आत्री, निम्दु?
बसमध्ये, बँकेत, सुई टोचताना.
गल्लीत आडव्या बसलेल्या म्हशीलाही
एकदा म्हटलं असेन.

परवा चन्नव्वा जिन्यात बसलेल्या.
मान वर केली नाही, विचारलं नाही.
मग मीच: "ऊटा आत्री?"
नीट जमलं. री पण त्यांच्यासारखी लांब.
"आत्री" ऐकायला उभी राहिले.
"इल्ल," म्हणाल्या.
आणि मग भरभर पुष्कळ काही,
त्यातलं हाती लागलं एवढंच:
मगा. सूरत. फोन इल्ल.
हदिनैदु दिवस.
दिवस दोघींचा एकच निघाला.

वहीत पुढचं पान कोरं होतं.
मराठीत अशा वेळी काय म्हणतात
तेही आठवेना.
पायरीवरची धूळ झटकली आणि
त्यांच्याशेजारी बसले.
बऱ्याच वेळानं आत जाऊन
सकाळची भाकरी आणली, वर ठेचा.
पहिल्या घासाला म्हणाल्या, "खारा,"
डोळे पुसले,
ठेच्याचं निमित्त दोघींनाही पुरलं.

खालून भरमाणी जात होता, खांद्यावर पोतं.
"काय चाललंय बाई?"
"हितंच," म्हणाले मी.
चुकीचं उत्तर.
तो थबकला. वर बघितलं, भाकरीकडं, चन्नव्वांकडं.
पोतं भिंतीला टेकवलं
आणि हॉटेलातल्या पोराला
लांबूनच दोन बोटं दाखवली.