एक जून

आमच्या तालुक्यात निम्म्या लोकांचा वाढदिवस
एक जूनला असतो.
सरपंच, त्यांचे दोन्ही भाऊ, पोस्टमन,
सोसायटीचा कर्जदार आणि त्याचा जामीनदारही
कागदोपत्री एकाच दिवशी रडले पहिल्यांदा.
मास्तरांना सोपं पडायचं.

लवटेबाई आल्या एकाहत्तर साली,
आटपाडीवरून सात मैल चालत,
चावडीच्या पडवीतल्या शाळेवर.
रजिस्टर चाळलं आणि म्हणाल्या,
पोरं काय शासनानं जन्माला घातलीत?

जोशीबुवांच्या माळ्यावरून जुनी पंचांगं आणली,
पोत्यात भरून. उंदरांनी एकादश्या खाल्ल्या होत्या.

नाव घालायला आई आली
की तिला खुर्ची द्यायच्या. ती खालीच बसायची.
मग बाईही खाली.
कळा आल्या तेव्हा हातात काय होतं?
"काय तर, खुरपं."
कशात?
"हुलग्यात."
चांदणं होतं?
"न्हवतं. जावंनं कंदील धरल्याला."
बोट पंचांगावरून सरकत जायचं,
भाद्रपद वद्य, अमावास्येच्या अलीकडं,
थांबायचं.
बाई तारीख मोठ्यानं वाचायच्या
आणि ती माउली पदर सावरून
पोराकडं नव्यानं बघायची.

माझ्या वेळी पंचांग लागलं नाही.
आई म्हणाली, "भूकंपाच्या पहाटं.
उतरंड कोसळली आन् हे आलं."
अकरा डिसेंबर सदुसष्ट.
शाळेतली सगळ्यात पक्की तारीख माझी,
हे बाई इतक्यांदा सांगायच्या
की भूकंपात माझा हात असावा असं वाटायचं.

सांगलीहून साहेब आले तपासणीला.
या तारखांना पुरावा काय?
आई, बाई म्हणाल्या.
साहेबांनी तांबड्या शाईत शेरा मारला.
तो अजून आहे. त्याच्यावर चहाचा डाग
बाईंच्या कपाचा आहे, चुकून पडलेला नाही.

तीनदा बदली झाली.
तिन्ही वेळा गावातल्या बायका
झेडपीच्या व्हरांड्यात भाकरी सोडून बसल्या,
कारकुनांनाही वाढली.

आता कोइमतूरहून फोन येतो,
सोनं गाळणाऱ्या कुठल्यातरी पोराचा.
पासपोर्टवाला विचारतोय,
सगळ्या घराची एक जून, तुझीच सतरा सप्टेंबर कशी?
मी सांगतो, म्हणावं आईच्या हातात खुरपं होतं.

बाई निवृत्त झाल्या ऐन सुट्टीत.
वर्ग रिकामे, मैदानात कुणाची तरी शेरडं.
मी चार्ज घेत होतो. त्या सांगत होत्या, मी लिहीत होतो:
लोखंडी कपाटं दोन. घंटा एक, चिरलेली.
पंचांगं नग अठ्ठावीस, ही शासनाची नाहीत.
मग सेवापुस्तक उघडलं, सहीपुरतं.
लवटे सगुणा धोंडीराम.
जन्म: एक जून एकोणीसशे पन्नास.

मी वर बघितलं.
बाई घंटेवरची धूळ पुसत होत्या.
"आमच्या मास्तरांना घाई होती," म्हणाल्या.
"आणि आईला विचारायचं राहिलं.
बाजरी खुडताना झालीस, एवढं म्हणायची.
कुठली बाजरी, कुणाची,
तेव्हा विचारलं असतं तर."

म्हणून दरवर्षी
शिवारात बाजरीची खुडणी लागली
की मी त्यांना फोन करतो.
"आजच का रे?" त्या विचारतात.
आज नसेल तर उद्या असेल बाई, मी म्हणतो.
त्या म्हणतात, मग उद्याही कर.