टाळ्यांचा हिशेब

मागावर काम करताना बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागतं.
वडगावात आमच्या शेडमध्ये आठ माग, वर पत्रा.
एका मागावर भरमाणी मजुकर,
समोरच्या मागावर त्याच्या बहिणीचा नवरा, ओमाण्णा तरळे.
सकाळी सातपासून दोघं
परवाच्या दोन सभांवर तुटून पडलेत.

"आमच्या सायबानं बारा वेळा टाळ्या घेतल्या. मोजलंय मी."
"त्यातल्या सात तर स्टेजवरच्याच की रे!"
"आणि तुमचा? कागद बघून वाचालता.
कानडी अक्षरात लिहून घेतलेलं मराठी!
बंधूंनो म्हणताना ओळीखालून बोट फिरवालता."
"फिरवू दे की. रस्त्याचं तरी बोलला.
तुमचं काय, माझा आजा ऐकालता तेच भाषण,
माईक तेवढा नवा."

धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं.
मी खाली बसून कांड्या भरते.
मला कुणी विचारत नाही.
खरं दोन्ही सभांना मी होते.

शनिवारी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात, टेम्पोतून.
फेटा त्यांनीच बांधला, पिनाही त्यांच्याच.
रविवारी दुसऱ्या मैदानात, बसनं.
गळ्यात पट्टा, हातात पुलावची पुडी.
शेजारच्या खुर्चीत दोन्ही दिवस
सुळेभावीची नागव्वा.
शनिवारी उठताना ती म्हणाली, "नाळे बर्ती?"
मी म्हटलं, "बर्तीनी की."
तेवढंच कानडी येतं मला, तेही अर्धं.

टाळी केव्हा वाजवायची ते
पुढं उभा असलेला पोरगा हात वर करून सांगतो.
पोरगा वेगळा, हात तसाच.
भरमाणीच्या बारांत अकरा माझ्या आहेत,
एकदा मी पदर सावरत होते.
ओमाण्णानं मोजलेल्या नवात नऊच्या नऊ.

आणि एक टाळी कुणाच्याच हिशेबात नाही.
कोणत्या सभेत, ते सांगत नाही.
बोलता बोलता तो मधेच थांबला.
ओळ विसरला की आवाज बसला, कळलं नाही.
भोंग्यातून नुसता वारा.
मग हळू, घरात बोलतात तसं म्हणाला,
आमची आई जांबोटीकडची.
तिला कानडी यायचं नाही.
सरकारी दवाखान्यात
पोटावर हात ठेवून उभी राहायची.
नर्स विचारायची, "ऊटा आतेन्री?"
जेवण झालं काय म्हणून.
तेवढं तिला समजायचं.
ती म्हणायची, "आत्री."
आणि तशीच परत यायची.

एवढंच. मग तो परत
मोठ्या आवाजात भाषणाला लागला.
पोरगा हात वर करायचा विसरला.
मी एकटीनं वाजवली.
सगळ्या खुर्च्या वळून बघायला लागल्या.
नागव्वानं विचारलं, "एनंदा?"
काय म्हणाला तो?
मला शब्द सापडेना.
मी पोटावर हात ठेवून दाखवलं.
तिनं आपली राखून ठेवलेली पुडी
सोडून माझ्या पुढ्यात धरली.

साडेदहाला वीज गेली.
आठही माग एकदम थांबले,
आणि भरमाणीचं ओरडणं तेवढं मागं उरलं:
"तुझ्या बापाला तरी कोण इचारालतं सभेत!"
पत्र्याखाली ते वाक्य
कुणी उचलेना.
ओमाण्णा तुटलेला धागा शोधायला लागला,
धागा तुटलेला नव्हता.

मग भरमाणीच माझ्याकडं वळला.
"मंगाक्का, तू होतीस न्हवं?
सांग बघू, कुणाचं भाषण भारी झालं?"
दोघं बघालेत. बाकीचे सहा मागवालेही.
मी म्हटलं, "मी मागं बसलेली. भोंगा फाटका होता.
नीट ऐकू आलं नाही बघ."
आणि हातातली कांडी
अंधारातच भरत राहिले.

वीज आली.
खडखडाटात भरमाणीचे ओठ हलले.
ऐकू आलं नाही, खरं कळलं.
म्हणाला, बारा.