थुंकी नको, बेडका

पहिली डबी मी परत पाठवली.
आत नुसती लाळ. भिंगाखाली
गालाच्या आतल्या पसरट पेशी,
वाळत घातलेल्या चादरींसारख्या एकीवर एक,
आणि त्यांच्यात तोंडातले नेहमीचे रहिवासी.
चिठ्ठीवर लिहिलं: नमुना नाकारला.
खाली, नियमात बसत नसताना:
थुंकी नको, बेडका हवा. छातीच्या तळातून.

पुन्ता अरेनासमध्ये जुलै म्हणजे
सकाळचे साडेनऊ वाजले तरी रात्र.
सामुद्रधुनीवरून वारा असा येतो
की माणसं कोपऱ्यावर दोर धरून चालतात.
फ्लूचा मोसम. खाटा कॉरिडॉरपर्यंत आलेल्या.

पेशंट: एलेउतेरिओ बार्रिआ, वय अडुसष्ट,
मेंढ्यांची लोकर कातरणारा.
गेल्या सोमवारी नाकातल्या काडीनं सांगितलं, फ्लू.
शुक्रवारी ताप उतरला. सूप मागितलं,
नर्स यानाराची मस्करी केली,
सगळ्यांनी हुश्श केलं.
रविवारी रात्री पुन्हा हुडहुडी.

डॉक्टर ओयार्सूनबाईंचा फोन:
"हा तोच ताप, की दुसरा?"
तापावर नाव लिहिलेलं नसतं, बाई.
व्हायरस दार मोडून गेला;
उघड्या दारातून मागाहून कोण शिरलं
हे मला विचारताय, पहाटे तीनला.
एक्स-रेत उजवीकडे, खाली, एक ढग,
आठवड्यापूर्वी नव्हता.
पण ढगही पहिल्याचाच असू शकतो.

दुसरी डबी चार वाजता आली.
यानारानं म्हणे त्याला उठवून बसवलं,
पाठीवर थापट्या दिल्या,
रुतलेली मेंढी चिखलातून काढावी तसा
खोकला ओढून काढला.
चमचाभर. घट्ट. गंजक्या खिळ्याच्या रंगाचं.
मी एकटीच होते, तरी मोठ्यानं म्हणाले, "शाब्बास!"
बेडक्याला शाबासकी देणारी जात आमची.

काचेवर पातळ थर. जांभळा, आयोडीन,
अल्कोहोलची धुवण, शेवटी लालसर.
आता चादरी नाहीत. पूच पू,
आणि त्यात जांभळे,
ज्योतीसारखे निमुळते,
जोडीजोडीनं पाठीला पाठ लावून.

तरी लगेच फोन उचलला नाही.
हे घशात असेही राहतात, वर्षानुवर्षं,
भाडं न देणारे भाडेकरू,
कुणाच्या अध्यात ना मध्यात.
घरात सापडला म्हणून चोर म्हणायचं?
पुन्हा पाहिलं. एक पांढरी पेशी,
तिच्या पोटात दोन जोड्या, गिळलेल्या.
शरीर उगाच कुणाला गिळत नाही.
मग फोन.
"दुसरा," म्हटलं. "आधी रक्त काढून पाठवा,
लगेच औषध सुरू करा.
उद्या चुकले तर शिव्या द्या."

मंगळवारी लाल बशीत
हिरवट कडीचे बारीक ठिपके.
बशीत मेंढीचं रक्त असतं;
आम्ही हे जंतू त्यावरच वाढवतो.
बुधवारी लिहिलं: पेनिसिलिन चालेल.

पुढच्या सोमवारी तो खाली आला,
सलाइनचा स्टँड काठीसारखा टेकत,
आणि माझी खिडकी वाजवली.
ठिपके पाहायचे होते.
जपून ठेवलेली बशी दाखवली.
रक्त कुणाचं, तेही सांगितलं.
बराच वेळ वाकून पाहत राहिला.
तोंड फिरवून एकदा खोकला. कोरडा.
मग विचारलं, कामाचंच काही असल्यासारखं:
"कुठल्या कुरणातली?
नीट कातरली होती का तिला कुणी?"